वाचकांचे प्रश्न : इंजिनाच्या तोंडावरचे दिवे कुणासाठी असायचे?

मागच्या अंकात आपण खंडाळ्याच्या घाटात गाडीला मागून ढकलणाऱ्या बँकर इंजिनांवर बोललो होतो आणि सोबत तुलनेला म्हणून तीन जुन्या ब्रिटिश वाफेच्या इंजिनांचे फोटो छापले होते. पत्रं येतील ती घाटाची येतील असं वाटलं होतं, कर्जतला इंजिन लागेपर्यंत आम्ही वडे खायचो वगैरे, ती आलीच, पण निम्म्याहून जास्त पत्रं आणि मेसेज आलेत ते फोटोतल्या दिव्यांबद्दल. म्हणून यावेळी बाकीचे प्रश्न पुढच्या अंकावर ढकलून फक्त दिवेच घेतोय. माझे वडील दौंड बाजूच्या एका सिग्नल केबिनमध्ये नोकरीला होते, गाडी गेली की आधी तिची शेपटी बघायची हे मी त्यांच्याकडूनच शिकलो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे.

प्रश्न : काका, नमस्कार. तुम्ही छापलेल्या फोटोत एका इंजिनाला खाली दोन टोकांना दोन दिवे आहेत, दुसऱ्याला वर धुराड्यापाशी एकच आहे आणि तिसऱ्याला खाली मधोमध एक. फोटो तर भर दुपारचे वाटतात, दिवे पेटलेलेही दिसत नाहीत. माझा मुलगा म्हणतो बाकीचे दिवे हरवले असणार. खरं काय आहे?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : एकही दिवा हरवलेला नाही. फोटोतला प्रत्येक दिवा कुणीतरी विचार करून त्याच जागी अडकवलेला आहे, आणि रिकाम्या जागासुद्धा मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या आहेत. पुढचा रूळ दिसावा म्हणून हे दिवे नव्हतेच मुळी. ती गाडीची पाटी होती. आपण स्टॉपवर उभे असलो की लांबून येणाऱ्या बसचा आधी नंबर बघतो ना, तसं रुळाकडेच्या केबिनमधला सिग्नलमन लांबून येणाऱ्या इंजिनाचे दिवे बघायचा आणि त्याला कळायचं की ही एक्सप्रेस आहे, पॅसेंजर आहे का रमतगमत जाणारी मालगाडी आहे.

ब्रिटिश इंजिनाच्या तोंडावर दिवा लावायच्या साधारण चार जागा असायच्या, एक वर धुराड्याच्या पायथ्याशी आणि तीन खाली बफर, म्हणजे धक्का झेलणारे गोल ठोकळे, जिथं बसवतात त्या आडव्या तुळईवर, दोन टोकांना दोन आणि मधे एक. प्रत्येक जागी लोखंडाची एक छोटी उभी पट्टी असते, दिव्याच्या पाठीला खोबण असते, वरून सरकवला की दिवा बसला. हे काम फायरमनचं, म्हणजे इंजिनात कोळसा घालणाऱ्याचं. आता कोड बघा. खाली दोन टोकांना दोन दिवे म्हणजे एक्सप्रेस. वर एकटा दिवा म्हणजे साधी, ठिकठिकाणी थांबत जाणारी पॅसेंजर. खाली मधोमध एकटा म्हणजे इंजिन मोकळंच चाललंय, मागे डबे नाहीत. तुमचे तिन्ही फोटो इथंच सुटले. याशिवाय मधोमध एक आणि टोकाला एक असे दोन असले तर पार्सल, वर्तमानपत्रं, मासळी, फळं असला लवकर पोचवायचा माल, आणि टोकाला एकटाच दिवा असला तर ती स्टेशनास्टेशनावर वॅगन सोडत-उचलत जाणारी मालगाडी. वरचा आणि खालचा मिळून मालगाड्यांचे आणखी प्रकार होते. चार जागा म्हटल्यावर पंधरा वेगवेगळ्या मांडण्या होऊ शकतात, तुमच्या मुलाला वहीत काढून बघायला सांगा, त्याला मजा येईल.

मला स्वतःला यातली सगळ्यात आवडती गोष्ट म्हणजे अपघाताच्या जागी निघालेली क्रेनची गाडी. दिसायला ती ओबडधोबड, पण लाइन मोकळी करायला निघाली असेल तर तिला एक्सप्रेसचेच दोन दिवे लागायचे, म्हणजे वाटेतल्या प्रत्येक केबिनने तिला एक्सप्रेसइतकाच मान द्यायचा, आणि काम उरकून परत येताना तो मान नाही.

आता सिग्नलमनला हे कळून करायचं काय होतं? तर त्याच्याकडे मागून एक्सप्रेस येत असेल आणि पुढ्यात मालगाडी असेल तर तिला वेळेत लूपमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर घ्यायची, सांधे बदलायचे, सिग्नल पाडायचा म्हणजे मोकळा द्यायचा, हे सगळं त्याच्या एकट्याच्या डोक्यावर असायचं. मागच्या केबिनकडून त्याला घंटेवर आधी वर्दी मिळायची, एक्सप्रेस असेल तर चार ठोके, साधी पॅसेंजर असेल तर तीन, थांबून एक, मोकळं इंजिन असेल तर दोन, थांबून तीन. म्हणजे कानाने ऐकलेलं एक आणि मग डोळ्याने बघितलेलं दुसरं, दोन्ही जुळलं की खात्री पटायची की वर्दी जिची होती तीच गाडी आली.

दुपारी दिवे न पेटलेले का, तर दिवसा नुसत्या दिव्याचा डबाच दिसला तरी पुरायचं, त्यासाठी तो बहुतेक ठिकाणी पांढरा रंगवायचे, काळ्या इंजिनावर पांढरा ठिपका लांबून उठून दिसतो. ग्रेट वेस्टर्न कंपनीचे दिवे मात्र कित्येक वर्षं लाल रंगाचे होते, १९३० च्या दशकात त्यांनीही पांढरा रंग घेतला. डबा लाल म्हणजे उजेड लाल नव्हे हं, काच पांढरीच, लाल उजेड पुढे लावून कसं चालेल.

आधी प्रत्येक कंपनीची स्वतःची दिव्यांची पद्धत होती, काहींनी रंगीत काचाही वापरून बघितल्या, आणि एका कंपनीचं इंजिन दुसरीच्या हद्दीत गेलं की घोळ. कंपन्यांचे आपसातले हिशेब बघायला १८४२ साली रेल्वे क्लिअरिंग हाउस निघालं होतं, पुढे त्यांनीच एकसारखा कोड बसवला, आणि १९२३ मध्ये शंभराहून जास्त कंपन्या एकत्र करून चार मोठ्या कंपन्या केल्या त्यातल्या तिघींनी हा कोड चालवला. चौथीचं खाली येतंच. स्कॉटलंडमध्ये कॅलेडोनियन कंपनीने तर इंजिनावर घड्याळाच्या काट्यांसारखे दोन पांढरे हात बसवले होते, काटे कुठल्या कोनात आहेत त्यावरून गाडी कुठल्या मार्गाने जाणार ते कळायचं, आणि ग्लासगोच्या भागात ते पुढे खूप वर्षं टिकले.

प्रश्न : आपल्याकडे वाफेच्या इंजिनाला कपाळावर एवढा मोठा हेडलाइट असायचा, लहानपणी पिंपरीच्या फाटकापाशी उभे राहिलो की लांबूनच उजेड यायचा. मग ब्रिटिश इंजिनांना तो का नाही? त्यांचे ड्रायव्हर अंधारात गाडी कशी चालवायचे?
— एक वाचक, पिंपरी

उत्तर : अंधारातच चालवायचे, खरोखर. तिकडे रुळाच्या दोन्ही बाजूंना कुंपण घालणं कंपन्यांवर १८४० च्या दशकातल्या कायद्यांनीच बंधनकारक होतं, त्यामुळे रुळावर म्हैस बसलेली असेल, कुणी बैलगाडी घेऊन आडवा येईल अशी धास्ती फारशी नव्हती. आणि खरं सांगायचं तर ताशी ६० मैलांच्या गाडीला हेडलाइटच्या उजेडात काही दिसलं तरी तेवढ्या अंतरात ती थांबत नाही. ड्रायव्हर पुढचा रूळ बघत नसायचा, तो सिग्नल बघायचा, आणि कुठला सिग्नल कुठल्या वळणानंतर येतो, कुठल्या पुलाखालून गेलं की डावीकडे बघायचं, हे त्याला पाठ असावं लागायचं. तो मार्ग पाठ झाल्याशिवाय त्याला त्या लाइनवर गाडी देतच नसत. आपल्याकडे मैलोन्मैल उघडा रूळ, फाटकं, गुरं, माणसं, त्यामुळे इथं मोठा हेडलाइट लागलाच.

पण याला एक सुंदर अपवाद आहे आणि तो नेमका घाटाचाच आहे. बर्मिंगहॅमच्या खाली ब्रॉम्सग्रोव्हजवळ लिकी नावाचा चढ आहे, साधारण ३७ फूट पुढे गेलं की एक फूट वर, म्हणजे आपल्या बोर घाटाचा सगळ्यात अवघड चढ आहे जवळजवळ तेवढाच. फरक इतकाच की तो जेमतेम दोन मैलांचा आहे, आपला घाट कितीतरी लांब. तिथं गाड्यांना मागून ढकलायला मिडलंड रेल्वेने १९१९ मध्ये डर्बीच्या कारखान्यात दहा चालक चाकांचं एक भलंमोठं इंजिन बांधलं, लोक त्याला बिग बर्था म्हणायचे. रात्रीच्या वेळी उभ्या गाडीच्या मागे हळूच जाऊन टेकायचं असतं, जोरात आदळलं तर आतल्या माणसांचे कप-बशा खाली, म्हणून अंतराचा अंदाज यावा यासाठी त्याला मोठा विजेचा हेडलाइट बसवला होता. म्हणजे तो दिवा बघण्यासाठीच होता, पाटी म्हणून नाही. १९५६ मध्ये बर्था सेवेतून गेली तेव्हा तो हेडलाइट काढून तिच्या जागी आलेल्या इंजिनाला लावला. कर्जतच्या बँकरवाल्यांना हे वाचून नक्की आपलं वाटेल.

प्रश्न : माझ्या सासऱ्यांच्या जुन्या इंग्रजी कॅलेंडरमध्ये एक चित्र आहे, त्यात इंजिनावर दिव्यांच्या जागी पांढऱ्या गोल ताटल्या लावल्यात. त्या काय आहेत? घरात सगळे म्हणतात सजावट असेल.
— एक वाचक, सदाशिव पेठ

उत्तर : सजावट नाही ताई, ते चित्र सदर्न रेल्वेचं असणार, म्हणजे वर म्हटलेली ती चौथी कंपनी. लंडनच्या वॉटर्लू, व्हिक्टोरिया या स्टेशनांमधून दक्षिणेला सुटणाऱ्या गाड्या तिच्याकडे होत्या आणि तिथं लाइन इतक्या फाटत जातात, जंक्शनमागून जंक्शन, की तिथल्या सिग्नलमनला गाडी जलद आहे का धीमी यापेक्षा ती कुठल्या फाट्याला वळणार हे आधी कळायला हवं होतं. म्हणून त्यांनी दिव्यांचा अर्थच बदलला. बाकीच्या तिघींकडे दिवे गाडीचा दर्जा सांगायचे, सदर्नमध्ये मार्ग सांगायचे. त्यासाठी चार जागा पुरेनात म्हणून सहा केल्या, दिवसा पांढऱ्या चकत्या आणि रात्री त्याच जागी दिवे. विजेच्या लोकलना तर त्यांनी पुढच्या खिडकीत इंग्रजी अक्षरंच लावली, पुढे अक्षरांच्या जागी आकडे आले.

तुमच्यापैकी जे मुंबईला रोज अप-डाउन केलेले असतील त्यांना हे लगेच कळेल. सेंट्रलच्या लोकलला के लागला की कल्याण, एन लागला की कसारा, एस लागला की कर्जत. दादरला उभा असलेला माणूस अर्ध्या सेकंदात ते अक्षर वाचून पळतो. तीच गरज, फक्त इथं वाचणारा प्रवासी आहे आणि तिथं केबिनमधला माणूस होता.

चकत्यांचीच एक आठवण सांगतो. विन्स्टन चर्चिल गेले तेव्हा ३० जानेवारी १९६५ ला त्यांची शवपेटी वॉटर्लूहून खास गाडीने ऑक्सफर्डच्या बाजूला नेली. त्या गाडीला इंजिन दिलं होतं तेही विन्स्टन चर्चिल याच नावाचं, आणि त्याच्या तोंडावर चकत्या मांडल्या होत्या इंग्रजी व्ही अक्षराच्या आकारात, युद्धाच्या काळात ते दोन बोटं वर करून दाखवायचे ना तोच व्ही. चर्चिलबद्दल आपल्याकडे, विशेषतः बंगालच्या दुष्काळामुळे, खूप कडू मतं आहेत आणि ती रास्तच आहेत. मी फक्त इंजिनांच्या शेडमधल्या माणसांचं म्हणतोय, निरोप द्यायचा तर त्यांना स्वतःची भाषा चकत्यांचीच सुचली.

प्रश्न : मी सहावीत आहे. राजा किंवा राणी गाडीत असेल तर किती दिवे लावायचे?
— एक छोटी वाचक, औंध

उत्तर : चारही! वर एक, खाली तीन, एकही जागा रिकामी नाही. असे चारही दिवे दुसऱ्या कुठल्याच गाडीला लावायचे नसतात, त्यामुळे लांबून कुणीही ओळखेल. आणि केबिनमध्ये घंटाही तशीच, चार ठोके, थोडं थांबून चार, पुन्हा थांबून चार. तू टेबलावर पेन्सिलने वाजवून बघ, साध्या एक्सप्रेसचे चार ठोके आणि हे, फरक लगेच कळेल.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगला आहे आणि ब्रिटिश डिझेल इंजिनांची मॉडेल्स जमवतो. त्यांच्या तोंडावर एक चौकट असते आणि त्यात आकडा, अक्षर, आकडा, आकडा असं काहीतरी असतं. काही मॉडेलवर नुसते चार शून्य आहेत आणि काहींवर फक्त दोन पांढरे ठिपके. हा आपल्या ट्रेन नंबरसारखाच प्रकार आहे का?
— एक वाचक, कर्वेनगर

उत्तर : भावंडं म्हणता येतील, पण जुळी नाहीत. १९४८ ला सगळ्या कंपन्या सरकारने घेतल्या, मग १९५० मध्ये गाड्यांच्या वर्गांना ए पासून के पर्यंत अक्षरं दिली, त्यात आय गाळलं होतं, आणि १९६२ मध्ये अक्षरं काढून आकडे आणले. १ म्हणजे एक्सप्रेस, २ साधी पॅसेंजर, ३ पार्सल वगैरे, ५ म्हणजे रिकामे डबे, ० म्हणजे मोकळं इंजिन, आणि बाकीचे आकडे मालगाड्यांना, आकडा जितका मोठा तितकी साधारण गाडी हळू. तुझ्या चौकटीतला पहिला आकडा तो हा. दुसरं अक्षर म्हणजे जायचं कुठं. दुसऱ्या विभागात जाणारी गाडी असेल तर एस म्हणजे स्कॉटलंड, व्ही म्हणजे वेस्टर्न, एम म्हणजे लंडन मिडलंड, ई म्हणजे ईस्टर्न, ओ म्हणजे सदर्न. शेवटचे दोन आकडे त्या एका गाडीचे. म्हणजे समजा १एस१७ दिसलं तर स्कॉटलंडला निघालेली एक्सप्रेस, त्यांच्यातली सतरावी खूण. कापडी पट्ट्यांवर अक्षरं छापलेली असायची आणि आतून दांडा फिरवून ती बदलायची, जुन्या एसटीची पाटी फिरवायचे ना तशीच.

आपल्याकडे डिसेंबर २०१० पासून पाच आकडी नंबर आले, तेव्हा २१२३ ची डेक्कन क्वीन १२१२३ झाली. आपल्याही नंबरात पहिला आकडा काहीतरी सांगतो, १ आणि २ म्हणजे लांब पल्ल्याची, ० म्हणजे स्पेशल. पण आपला नंबर तिकिटावर असतो, प्रवाशासाठी असतो, त्यांचा तो कोड मुळात सिग्नलमनसाठी होता, प्रवाशाला तो कुणी सांगायच्या भानगडीत पडत नसे. मला हा फरक फार महत्त्वाचा वाटतो.

मग चार शून्य का? कारण वाचणाराच उरला नाही. १९६० च्या दशकात मोठमोठी पॉवर सिग्नल केंद्रं झाली, एकेका केंद्राने मैलोन्मैल लाइन सांभाळायची, तिथल्या माणसाला गाडी डोळ्याने दिसतच नाही, तिचा कोड पॅनलवर पुढे पुढे सरकताना दिसतो. मग इंजिनावर तो लावून उपयोग काय. जानेवारी १९७६ पासून तो दाखवणं बंद केलं, आधी सगळ्यांवर शून्य फिरवून ठेवली आणि नंतर चौकटीत काळा पत्रा बसवून त्यात दोन पांढरे ठिपके ठेवले, रात्री ते उजळायचे. म्हणजे तुझं शून्यवालं मॉडेल साधारण १९७६ नंतरच्या काही वर्षांचं धर आणि ठिपकेवालं त्याच्याही नंतरचं. कोड मात्र मेला नाही, ब्रिटनमध्ये आजसुद्धा प्रत्येक गाडीला तो असतोच, फक्त पडद्यावर असतो.

आणि मॉडेल करणाऱ्यांसाठी एक बारीकशी गोष्ट. लंडनहून उत्तरेला २५ हजार व्होल्टची तार ओढली तेव्हा वाफेची इंजिनं अजून चालू होती आणि वरचा दिवा लावायला फायरमन इंजिनावर चढला तर तारेच्या धोक्यात. म्हणून त्या भागातल्या बऱ्याच इंजिनांची वरची दिव्याची पट्टी खाली आणून तोंडाच्या दारावर एका बाजूला बसवली. १९६० च्या दशकातलं मॉडेल करत असशील तर मूळ इंजिनाचा फोटो बघून पट्टीची जागा तपास, कोथरूडच्या जोशींच्या छोट्या रेल्वेच्या संग्रहालयात तासन्‌तास रमणारी मंडळी असल्या चुका लगेच पकडतात.

प्रश्न : जुन्या बाजारात मला एक लोखंडी पत्र्याचा चौकोनी दिवा मिळाला. विकणारा म्हणाला रेल्वेचा आहे. एका बाजूला लाल भिंग आहे आणि बरोब्बर उलट्या बाजूला पांढरं. हातात धरायच्या दिव्यासारखा वाटत नाही, पाठीला अडकवायची खोबण आहे. अक्षरं काही वाचता येत नाहीत. पुढचा दिवा म्हणावा तर लाल का, मागचा म्हणावा तर पांढरं का?
— एक वाचक, हडपसर

उत्तर : तुमच्या पत्राने मला खरंच आनंद झाला, कारण लोक विचारतात ते नेहमी पुढच्या दिव्यांचं, आणि ज्याच्यावर सगळ्यांचे जीव असायचे तो मागचा दिवा कुणी विचारत नाही.

१८६१ साली २५ ऑगस्टला, रविवार होता, ब्राइटनहून लंडनकडे तीन गाड्या काही मिनिटांच्या अंतराने सुटल्या. वाटेत क्लेटनचा बोगदा. पहिली गाडी आत गेली पण तोंडाशी असलेल्या सिग्नलमनचा सिग्नल बिघडल्यामुळे तिच्यामागे पुन्हा ‘थांबा’वर आला नाही, दुसरी आली ती त्याच्या समोरून आत जायला लागली, त्याने लाल झेंडा दाखवला पण ड्रायव्हरने बघितला का नाही ते त्याला कळेना. त्याने पलीकडच्या तोंडाला तार केली, बोगदा मोकळा आहे का? पलीकडच्याने पहिली गाडी बाहेर पडताना बघितली होती, त्याने कळवलं मोकळा. ते उत्तर पहिल्या गाडीचं होतं आणि याला वाटलं दुसरीचं. दुसरीच्या ड्रायव्हरने झेंडा बघितला होता, तो आत थांबून गाडी मागे आणत होता, आणि याने तिसरीला आत सोडली. २३ माणसं गेली.

कुठली गाडी गेली आणि ती अख्खी गेली का, या दोन प्रश्नांची उत्तरं हवीतच, हे असल्या अपघातांनी शिकवलं. पहिल्याचं उत्तर घंटा आणि पुढचे दिवे देतात. दुसऱ्याचं उत्तर शेवटच्या डब्यावरचा लाल दिवा देतो. गाडी केबिनसमोरून जाताना सिग्नलमनने उभं राहून तो बघायचा, आणि तो स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावरच मागच्या केबिनला दोन, थांबून एक असे ठोके द्यायचे, म्हणजे तुझी गाडी माझ्याकडे पूर्ण पोचली, आता तू पुढची पाठवू शकतोस. दिवा दिसला नाही तर मागचे डबे तुटून कुठंतरी रुळावर उभे असू शकतात. मग पुढच्या केबिनला नऊ ठोके, मागच्या केबिनला चार, थांबून पाच, आणि पुढच्याने गाडी थांबवून तपासायची. तोपर्यंत मागची लाइन बंद. दिवा नुसता विझलेला असेल, गार्ड लावायला विसरला असेल, तरी हेच करायचं. दिवसाढवळ्यासुद्धा दिवा शेवटच्या डब्यावर हवाच, पेटलेला नसला तरी.

ग्रेट वेस्टर्नमध्ये तर धावत्या एक्सप्रेसचे शेवटचे डबे वाटेतल्या स्टेशनाला सोडून द्यायची पद्धत होती, गाडी न थांबता पुढे जायची आणि सुटलेला डबा आतल्या गार्डच्या ब्रेकवर हळूहळू स्टेशनात येऊन थांबायचा. आता विचार करा, केबिनमधल्या माणसाला हे गाडी तुटल्यासारखंच दिसणार ना, म्हणून त्या डब्यांना मागच्या दिव्यांची वेगळी मांडणी द्यायचे, म्हणजे त्याला कळावं की हे ठरवून सोडलेले आहेत. असा शेवटचा डबा १० सप्टेंबर १९६० ला बिस्टर स्टेशनला सुटला.

आता तुमचा दिवा. मालगाडीच्या शेवटी गार्डचा डबा असायचा, त्याच्या मागे मधोमध टेल लँप, म्हणजे तो शेवटचा लाल दिवा, आणि दोन्ही कुशींना दोन बाजूचे दिवे. हे बाजूचे दिवे मागच्या दिशेला लाल आणि पुढच्या दिशेला पांढरा उजेड दाखवायचे, एकाच डब्यात, एकाच वातीवर. पुढचं पांढरं कुणासाठी? ड्रायव्हरसाठी. वळणावर ड्रायव्हर-फायरमनने मान बाहेर काढून मागे बघायचं, गाडीच्या टोकाला पांढरा ठिपका दिसला की आपली गाडी अजून अख्खी आहे. त्या काळात बऱ्याच मालगाड्यांच्या वॅगनना इंजिनावरून लागणारे सलग ब्रेक नसायचे, कपलिंग, म्हणजे दोन डबे जोडणारी कडी, तुटलं तरी इंजिनावर लगेच कळेलच असं नाही, त्यामुळे हा ठिपका फार मोलाचा. आणि शेजारी शेजारी चार रूळ असले की आणखी एक काळजी घ्यायचे, मालगाडी बाजूच्या लाइनवर असेल तर जलद लाइनकडच्या कुशीच्या दिव्याचं लाल फिरवून पांढरं करायचं, नाहीतर मागून येणाऱ्या एक्सप्रेसच्या ड्रायव्हरला वाटेल लाल आपल्याच रुळावर आहे. आपल्याकडच्या ब्रेक व्हॅनलाही असे बाजूचे दिवे असायचे, त्यामुळे तुमचा दिवा इथलाच असायची शक्यता मला जास्त वाटते.

आपल्याकडे आता शेवटच्या डब्यावर एल व्ही (लास्ट व्हेईकल, म्हणजे शेवटचा डबा) लिहिलेली पाटी आणि लुकलुकणारा लाल दिवा असतो, मागे मोठी फुलीही असते. वडिलांच्या केबिनमध्ये मी डबा घेऊन जायचो तेव्हा गाडी जात असताना ते माझ्याशी एक शब्द बोलायचे नाहीत, हातातला घास तसाच, नजर शेवटच्या डब्यावर. ती पाटी गेली की मग रजिस्टरमध्ये वेळ टाकायची आणि मग म्हणायचे, हं, आता सांग.

दिवा घासून चकचकीत करू नका, वरचा रंग गेला तर अक्षरं असतील तीही जातील. भिंग कोमट पाण्याने पुसा, खोबणीतला गंज मऊ ब्रशने काढा. रॉकेल घालून पेटवायची इच्छा होणार हे मला माहीत आहे, पण आधी आतल्या टाकीत पाणी भरून रात्रभर कागदावर ठेवा, सकाळी कागद कोरडा असला तरच वात लावा. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा टाकीच्या बुडाला बोट फिरवून बघा, ठोकलेली अक्षरं किंवा नंबर बहुतेक तिथं सापडतात. सापडले तर त्याचा फोटो पाठवा, पुढच्या अंकात छापू.